आतड्यातल्या जिवाणूंची स्पीशीज ठरवायला कोणतं साधन घ्यावं? ईझीबायोक्लाउड, टीवायजीएस आणि जीटीडीबी-टीकेचं परीक्षण

आतड्यातून वेगळा केलेला जिवाणू नेमका कोणत्या स्पीशीजचा, हे जनुकांच्या सीक्वेन्सवरून (डीएनएतल्या बेस नावाच्या अक्षरांच्या क्रमावरून) सांगणारी तीन साधनं आज सहज हाताशी आहेत. दक्षिण कोरियात तयार झालेलं ईझीबायोक्लाउड, जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या डीएसएमझेड या संस्थेचं टीवायजीएस आणि ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातून आलेलं जीटीडीबी-टीके. शैक्षणिक कामाला तिन्ही फुकट मिळतात. मत आधीच सांगून टाकतो. शुद्ध कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत एकटाच वाढवलेला जिवाणू, हातात असेल आणि त्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचलेला असेल, तर टीवायजीएस घ्या. विष्ठेच्या मेटाजीनोममधून (नमुन्यातल्या सगळ्या जिवाणूंच्या एकत्र वाचलेल्या डीएनएतून) जुळवलेला जीनोम असेल, तर जीटीडीबी-टीके. ईझीबायोक्लाउड पहिल्या चाळणीसाठी उत्तम आहे, पण जवळच्या नात्यातल्या स्पीशीज वेगळ्या करायचं काम त्याच्यावर टाकू नका. दोष साधनात नाही. ते ज्या जनुकावर चालतं, त्या जनुकात तेवढी माहितीच नसते.

हे जनुक म्हणजे 16एस आरआरएनए. लांबी साधारण 1500 बेस, त्यात व्ही1 ते व्ही9 असे नऊ बदलते भाग आणि मधले भाग जवळपास स्थिर. 1977 मध्ये कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी याच रेणूच्या तुलनेवरून आर्किया हा जीवांचा स्वतंत्र गट असल्याचं दाखवलं, आणि तेव्हापासून जिवाणूंच्या वर्गीकरणाचा तो कणा झाला. स्पीशीजसाठी रेष कुठे ओढायची, याचा आकडा मात्र सरकत गेला. 1994 मध्ये 97 टक्के सुचवला गेला, 2006 मध्ये 98.7 ते 99, आणि 2014 मध्ये जीनोमशी ताडून 98.65.

या आकड्याची दिशा एकच आहे, आणि सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. साम्य 98.65 च्या खाली असेल, तर दोन जिवाणू वेगळ्या स्पीशीजचे आहेत असं धरता येतं. साम्य त्याच्या वर असेल, तर काहीच सिद्ध होत नाही. 99.5 टक्के जुळलं म्हणून "हाच तो" असं लिहिणारे अहवाल रोज निघतात आणि आतड्यातल्या जिवाणूंच्या बाबतीत ते वारंवार चुकतात. लॅक्टिप्लांटिबॅसिलस प्लांटारम, पेंटोसस आणि पॅराप्लांटारम या तिघांचं 16एस 99 टक्क्यांहून अधिक जुळतं. बायफिडोबॅक्टेरियम लाँगमच्या लाँगम आणि इन्फँटिस या सबस्पीशीजचंही तेच. एश्चेरिशिया कोलाय आणि शिगेला यांच्यात तर या जनुकावरून भेद करायला जागाच उरत नाही.

ईझीबायोक्लाउड: पहिली चाळणी

साध्या ब्लास्टऐवजी (भांडारातल्या सीक्वेन्सशी आपला सीक्वेन्स जुळवून बघणाऱ्या प्रोग्रामऐवजी) ईझीबायोक्लाउड का वापरायचं, याचं कारण त्याच्या संदर्भ-यादीत आहे. एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या मोठ्या न्यूक्लिओटाइड भांडारात कुणीही कोणत्याही नावाने टाकलेले सीक्वेन्स आहेत, आणि पहिल्या दहा ओळींत "अनकल्चर्ड बॅक्टेरियम" असंच वाचायला मिळतं. ईझीबायोक्लाउड टाइप स्ट्रेनचे, म्हणजे ज्या स्ट्रेनवर (स्पीशीजमधल्या ठरावीक वाणावर) त्या स्पीशीजचं नाव अधिकृतपणे टेकलेलं आहे त्यांचे, निवडून तपासलेले सीक्वेन्स वापरतं. शिवाय ब्लास्ट फक्त जुळलेल्या तुकड्याचं साम्य दाखवतो, तर इथे दोन्ही सीक्वेन्स जोडीने नीट रचून टक्केवारी काढली जाते, आणि तुमचा सीक्वेन्स पूर्ण जनुकाच्या किती टक्के आहे, हेही शेजारी लिहून येतं. तो रकाना जरूर बघा. 700 बेसच्या एका रीडवर (यंत्राने एका दमात वाचलेल्या तुकड्यावर) आलेलं 100 टक्के साम्य आणि 1400 बेसवर आलेलं 99.6 टक्के यांत दुसरं जास्त भरवशाचं. ब्लास्टच वापरायचा असेल, तर भांडार म्हणून 16एस आरआरएनएचा स्वतंत्र संग्रह निवडा, म्हणजे बराच कचरा आपोआप गळतो.

निकाल बिघडतो तो बहुतेक वेळा संगणकाच्या आधी, टेबलावर. प्रायमर म्हणजे जनुकाच्या टोकांना चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे; त्यांच्या मदतीने पीसीआरमध्ये जनुकाच्या असंख्य प्रती निघतात. 27एफ आणि 1492आर या नेहमीच्या प्रायमर जोडीने 1 टक्का अगरोजच्या जेलवर सुमारे 1.5 केबीचा (1500 बेसचा) एकच पट्टा यायला हवा. 27एफ हा प्रायमर बायफिडोबॅक्टेरियमच्या जनुकाशी पूर्ण जुळत नाही. त्यामुळे या जीनसचे जिवाणू मिश्र नमुन्यात कमी दिसतात आणि शुद्ध कल्चरमध्येही पीसीआर कमकुवत होतो. बाळांच्या नमुन्यांवर काम असेल, तर बायफिडोबॅक्टेरियमला जुळणारा प्रायमर त्यात मिसळलेलं 27एफचं मिश्रण घ्या. निगेटिव्ह कंट्रोलमध्ये फिकट पट्टा दिसला, तर दोष बहुधा टॅक एन्झाइममध्ये किंवा पाण्यात शिल्लक असलेल्या जिवाणू-डीएनएचा असतो. सायकल 30 च्या वर नेऊ नका.

मग क्रोमॅटोग्रॅम, म्हणजे यंत्राने काढलेला रंगीत शिखरांचा आलेख. सँगर पद्धतीचा रीड दोन्ही टोकांकडून घ्या, आणि मधल्या भागासाठी एक आतला प्रायमर लावा. सुरुवातीचे 30 ते 50 बेस आणि शेवटचा विरत जाणारा भाग कापून टाका. कधी कधी असं दिसतं की शे-दोनशे बेसपर्यंत शिखरं एकेकटी, स्वच्छ उभी आहेत, आणि एका ठिकाणापासून पुढे प्रत्येक जागी दोन-दोन रंगांची शिखरं एकमेकांवर चढली आहेत. याचा अर्थ कल्चर मिसळलेलं आहे असा लगेच लावू नका. आतड्यातल्या अनेक जिवाणूंमध्ये 16एसच्या एकाहून अधिक प्रती असतात. ई. कोलायमध्ये 7, बॅक्टेरॉइडीस थिटाआयोटाओमायक्रॉनमध्ये 5. त्यातल्या एका प्रतीत एखादा बेस जास्त किंवा कमी असला, की त्या जागेपासून पुढची त्या प्रतीची सगळी शिखरं एक घर सरकतात. खात्री करायची असेल, तर उलट्या बाजूचा रीड बघा. दोष प्रतींमधल्या फरकाचा असेल, तर तो रीडही त्याच जागेपर्यंत स्वच्छ येतो आणि तिथेच फुटतो. मिसळलेल्या कल्चरमध्ये मात्र गोंधळ बदलत्या भागांत सगळीकडे पसरलेला असतो.

व्ही3-व्ही4 च्या अँप्लिकॉनबद्दल (पीसीआरने वाढवलेल्या तेवढ्याच भागाबद्दल) थोडक्यात. तो तुकडा साधारण 460 बेसचा. समूहात कोणते जीनस किती, हे बघायला तो ठीक आहे. त्यावरून स्पीशीजचं नाव लिहिलेला अहवाल कुणी दिला, तर ते नाव अंदाज म्हणूनच वाचा.

एखाद-दुसऱ्या जनुकावर भागवायचं असेल तर

जीनोमचा खर्च परवडत नाही आणि प्रश्न ठरावीक दोन-तीन स्पीशीजपुरता आहे, अशा वेळी प्रथिनं बनवणारी जनुकं 16एसपेक्षा खूप चांगलं काम देतात, कारण ती वेगाने बदलतात. बायफिडोबॅक्टेरियमसाठी एचएसपी60, लॅक्टोबॅसिलसच्या कुळासाठी फेएस आणि रेकए, एंटेरोबॅक्टेरियांसाठी जायरबी आणि आरपीओबी. दही, लोणचं किंवा विष्ठा यांतून आलेल्या प्लांटारम गटासाठी 2001 पासून वापरात असलेली रेकएची मल्टिप्लेक्स पीसीआर आजही आवडती आहे. एकाच नळीत तीन पुढचे प्रायमर आणि एक सामाईक मागचा, अ‍ॅनीलिंग (प्रायमर चिकटण्याचा टप्पा) 56 अंशांवर, आणि पट्ट्याची लांबीच उत्तर देते: प्लांटारम 318 बेस, पेंटोसस 218, पॅराप्लांटारम 107. हे तुकडे लहान आहेत, तेव्हा जेल 2 टक्क्यांचं घ्या, नाहीतर 107 चा पट्टा प्रायमर-डायमरच्या (एकमेकांनाच चिकटलेल्या प्रायमरच्या) धुरकट डागात हरवतो.

इन्फँटिसची ओळखही जनुकांवरून पटते. आईच्या दुधातल्या शर्करा पचवणाऱ्या जनुकांचा सुमारे 43 हजार बेसचा एक सलग गट या सबस्पीशीजकडे असतो. त्यातल्या सियालिडेझच्या जनुकावर प्रायमर लावले, की तो लाँगमपासून वेगळा निघतो. लाँगमकडे उलट वनस्पतींतली अरॅबिनोज ही शर्करा वापरण्याची जनुकं असतात. बाळाच्या पोटात हा जिवाणू काय काम करणार, हा खरा प्रश्न असेल, तर ही तपासणी नुसत्या नावापेक्षा जास्त सांगते.

जीनोम चढवण्याआधी

टीवायजीएस किंवा जीटीडीबी-टीकेला घाणेरडा जीनोम दिला, तर तेही आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर देतात. म्हणून हा टप्पा वगळू नका. वर्गीकरणासाठी 2018 मध्ये सुचवलेल्या किमान निकषांप्रमाणे कव्हरेज (प्रत्येक बेस सरासरी किती वेळा वाचला गेला) 50 पटींच्या खाली नको. जुळणी झाल्यावर 500 बेसपेक्षा लहान कॉन्टिग (जुळवलेले सलग तुकडे) काढून टाका, आणि जीनोमची पूर्णता व भेसळ मोजणारं चेकएम2 चालवा. पूर्णता 90 टक्क्यांच्या वर आणि भेसळ 5 टक्क्यांच्या खाली ही सर्वसाधारण मर्यादा आहे. ती मेटाजीनोममधून काढलेल्या जीनोमसाठी ठरलेली. शुद्ध कल्चरच्या जीनोममध्ये 2 टक्के भेसळ दिसली, तरी आम्ही पुन्हा स्ट्रीक करायला, म्हणजे प्लेटवर पसरवून एकटी वसाहत निवडायला, सांगू.

हवा न चालणाऱ्या जिवाणूंमध्ये मिसळ होणं फार सोपं असतं. एक जिवाणू दुसऱ्याच्या टाकाऊ पदार्थांवर वाढतो आणि दोघे एकाच वसाहतीत राहतात. आकडे बघूनही संशय यायला हवा. बायफिडोबॅक्टेरियमचा जीनोम साधारण 2 ते 2.9 मेगाबेसचा (मेगाबेस म्हणजे दहा लाख बेस) आणि जी+सी, म्हणजे जी आणि सी या बेसचं प्रमाण, 60 टक्क्यांच्या आसपास. बॅक्टेरॉइडीस थिटाआयोटाओमायक्रॉनचा 6.26 मेगाबेसचा, जी+सी सुमारे 43. तुमच्या "बायफिडोबॅक्टेरियम"चा जीनोम 5 मेगाबेसच्या पुढे गेला असेल, किंवा कॉन्टिगच्या जी+सीच्या आलेखात दोन उंचवटे दिसत असतील, तर तिथे दोन जिवाणू आहेत. आणखी एक स्वस्त आणि पक्की तपासणी म्हणजे जीनोममधून काढलेलं 16एस आणि सँगरने आधी वाचलेलं 16एस शेजारी ठेवणं. ते जुळलंच पाहिजे. जुळत नसेल, तर नळ्यांची अदलाबदल झाली आहे किंवा कल्चर मिसळलं आहे.

टीवायजीएस: कल्चर हातात असेल तर हेच

टीवायजीएस 2019 मध्ये आलं. वापरायला अगदी सोपं आहे. फास्टा फाइल (सीक्वेन्सची साधी मजकूर-फाइल) चढवायची किंवा जेनबँक या सार्वजनिक भांडारातला क्रमांक द्यायचा, ईमेल लिहायचा, आणि दुवा येईपर्यंत थांबायचं. आत काय चालतं, ते समजून घेतलं तर निकाल वाचणं सोपं जातं. आधी मॅश हा झटपट तुलना करणारा प्रोग्राम वापरून तुमच्या जीनोमच्या सर्वांत जवळचे 10 टाइप स्ट्रेन जीनोम निवडले जातात. त्याच वेळी जीनोममधलं 16एस काढून त्यावरून आणखी उमेदवार शोधले जातात. मग या सगळ्यांशी जीनोमभर तुलना करून डिजिटल डीडीएच, म्हणजे पूर्वी प्रयोगशाळेत दोन डीएनए एकत्र वितळवून काढायचे त्या मोजमापाचा संगणकी अवतार, काढला जातो. स्पीशीजची रेष 70 टक्के. ती 1987 पासूनची आहे. सबस्पीशीजची रेष 79.

तक्त्यात प्रत्येक टाइप स्ट्रेनपुढे डी0, डी4 आणि डी6 असे तीन आकडे दिसतात. तुमचा जीनोम तुकड्या-तुकड्यांचा असेल, आणि बहुतेक वेळा तो तसाच असतो, तर फक्त डी4 बघा. डी0 आणि डी6 यांत जुळलेल्या भागाला जीनोमच्या एकूण लांबीने भागलेलं असतं, त्यामुळे जीनोमचा काही भाग गहाळ असला की ते आकडे उगाच घसरतात. डी4 जुळलेल्या भागातलंच साम्य मोजतो, म्हणून त्याला अर्धवट जीनोमचा त्रास होत नाही.

आता एक ओळ जवळून वाचू. समजा, सर्वांत जवळच्या टाइप स्ट्रेनशी डी4 69.3 आला, आणि शेजारच्या रकान्यात विश्वासमर्यादा 66.3 ते 72.1 अशी लिहिली आहे. घाईत वाचणारा म्हणेल, 70 च्या खाली, नवी स्पीशीज. पण 70 त्या मर्यादेच्या आत पडतो आहे, म्हणजे हा आकडा तुम्हाला निर्णय देतच नाही. अशा वेळी त्याच ओळीतला जी+सीचा फरक बघा. एकाच स्पीशीजमध्ये तो 1 टक्क्यापेक्षा जास्त नसतो. 0.2 असेल, तर दावा करू नका. शिवाय एएनआय (दोन जीनोमच्या जुळणाऱ्या भागांतलं सरासरी साम्य) स्वतंत्रपणे काढा. इथे एक तांत्रिक अडचण कायम येते. एएनआयची रेष 95 ते 96 टक्के धरतात, पण डीडीएचचे 70 टक्के साधारण 96 च्या जवळ बसतात. त्यामुळे 95.3 एएनआय असलेली जोडी एका मोजमापाने एकच स्पीशीज ठरते आणि दुसऱ्याने वेगळी. लाँगम-इन्फँटिससारखी नाती याच पट्ट्यात येतात. तिथे नियमाने निकाल लागत नाही. वंशवृक्षाच्या झाडावरची जागा, जनुकांतला फरक आणि जिवाणूचं वागणं असे सगळे पुरावे मांडूनच बोलावं लागतं.

टीवायजीएसची मोठी ताकद म्हणजे नावं. ते एलपीएसएन या अधिकृत नामसूचीशी जोडलेलं आहे, त्यामुळे जुनं नाव, नवं नाव, समानार्थी नाव हे सगळं एका ठिकाणी मिळतं. आतड्यातल्या जिवाणूंसाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण गेल्या काही वर्षांत नावं खूप बदलली. 2020 मध्ये लॅक्टोबॅसिलस या जीनसमधल्या 261 स्पीशीजचा जीनोमवरून फेरविचार झाला आणि 23 नवे जीनस निघाले. केसिआय, पॅराकेसिआय आणि ऱ्हॅमनोसस आता लॅक्टिकेसिबॅसिलस आहेत, रॉयटेरी लिमोसिलॅक्टोबॅसिलस. बॅक्टेरॉइडीस व्हल्गेटस आणि डोरेई हे फोकेईकोला झाले. झाडाचं चित्र, फाइल आणि शोधनिबंधात घालायला पद्धतीचा तयार मजकूर, हेही मिळतं. पण तो मजकूर समजून घेऊन मगच उतरवा.

मर्यादा एकच आहे, पण मोठी: ज्या स्पीशीजच्या टाइप स्ट्रेनचा जीनोम यादीत नाही, ती टीवायजीएससाठी अस्तित्वातच नाही. फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झिआय घ्या. जगभरच्या प्रयोगांत या नावाने ए2-165 हा स्ट्रेन वापरला गेला. जीनोम ताडल्यावर तो प्राउस्निट्झिआयच्या टाइप स्ट्रेनपासून वेगळा निघाला, आणि 2022 मध्ये त्याला फीकॅलिबॅक्टेरियम डंकेनिआय हे नाव मिळालं. त्या आधी त्याचा जीनोम चढवला असता, तर "संभाव्य नवी स्पीशीज" एवढंच उत्तर आलं असतं. तेव्हा टीवायजीएसने नवी स्पीशीज म्हटलं, की त्याचा अर्थ "आमच्या यादीत नाही" असा घ्या, आणि जीटीडीबी या जीनोम-भांडारातही शोधा.

जीटीडीबी-टीके: ताकद मोठी, भूकही मोठी

प्रयोगशाळेत कधीच न वाढवलेल्या जिवाणूंनाही जीटीडीबी जागा देतं. एप्रिल 2024 च्या आर220 आवृत्तीत 5,96,859 जीनोम आणि 1,13,104 स्पीशीज-गट आहेत. टाइप स्ट्रेनच्या यादीच्या कितीतरी पट. टीके हे त्याचं साधन 120 सामाईक जनुकं शोधून जीनोम मोठ्या झाडावर बसवतं, आणि स्पीशीज ठरवायला एएनआय बघतं. रेष 95 टक्के, शिवाय जीनोमचा किमान अर्धा भाग जुळायला हवा.

आपल्याकडच्या नमुन्यांसाठी याचा उपयोग जास्त आहे. भारतीयांच्या आतड्यात प्रेव्होटेला भरपूर असतो, आणि ज्याला सगळे प्रेव्होटेला कोप्राय म्हणत होते, तो एक जिवाणू नसून अनेकांचा संच आहे, हे 2019 मध्ये जीनोमवरून दिसलं. चार उपगट, आणि एकमेकांपासून 10 टक्क्यांहून अधिक दूर. पाश्चात्त्य जीवनशैलीबाहेरच्या लोकांत हे उपगट एकत्र सापडतात. आता कोप्रायचं जीनसही बदलून सेगाटेला झालं आहे. महाराष्ट्रातल्या नमुन्यात "पी. कोप्राय 30 टक्के" असं एका ओळीत लिहिणं म्हणजे निरनिराळ्या स्पीशीज एकाच पोत्यात भरणं. जीटीडीबी-टीके त्या वेगळ्या काढून देतं.

आता भूक. संदर्भ-भांडार 100 जीबीच्या आसपास आहे. झाडावर बसवण्याचा टप्पा पीप्लेसर नावाचा प्रोग्राम करतो आणि तो रॅम खातो. 64 जीबीच्या मशीनवर आर220 बसत नाही, 128 जीबीचा सर्व्हर लागतो. चालता चालता काम काहीही न सांगता मेलं, तर बहुतेक वेळा कारण हेच. पीप्लेसरचे सीपीयू 1 वर आणा, तात्पुरत्या फाइलींसाठी डिस्कवर जागा द्या. आधीची एएनआय चाळणी चालू ठेवा. ज्यांचा ओळखीच्या स्पीशीजशी मेळ बसतो ते जीनोम तिथेच निकाली निघतात आणि पीप्लेसरपर्यंत जातच नाहीत. टीकेची आवृत्ती आणि भांडाराची आवृत्ती एकमेकांना चालणारी असायला हवी, आणि भांडाराचा पत्ता सांगणारा पर्यावरण-चल (एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल) नीट बसवायला हवा. नवख्यांचा अर्धा दिवस इथे जातो. फाइलचा शेवट एफएनए असेल असं ते गृहीत धरतं. तुमच्या फाइली फास्टा असतील आणि तसं सांगितलं नसेल, तर "जीनोम सापडले नाहीत" म्हणून थांबतं. सर्व्हर नसेल, तर केबेस या संकेतस्थळावर हेच साधन ब्राउझरमधून चालवता येतं.

निकालाच्या तक्त्यात वर्गीकरणाच्या ओळीचा शेवट रिकामा असेल, म्हणजे स्पीशीजचं अक्षर आहे पण पुढे नाव नाही, तर ओळखीची स्पीशीज सापडली नाही. नावापुढे ए, बी, सी अशी शेपटी असेल, तर तो गट त्या नावाच्या मूळ गटात बसत नाही, पण त्याला अजून स्वतःचं नाव मिळालेलं नाही. ही शेपटीवाली नावं किंवा आकड्यांची तात्पुरती नावं शोधनिबंधात अधिकृत असल्यासारखी लिहू नका. आवृत्तीचा क्रमांक सोबत देऊन "जीटीडीबीनुसार" असं लिहा, कारण पुढच्या आवृत्तीत ही नावं बदललेली असू शकतात. सूचनांचा रकाना आणि जनुकांच्या रचनेचा किती टक्के भाग मिळाला, तो रकाना, दोन्ही बघितल्याशिवाय निकाल स्वीकारू नका.

शिगेलाच्या बाबतीत खास सांगायला हवं. जीटीडीबी शिगेलाला ई. कोलायमध्येच धरतं, आणि जीनोमच्या दृष्टीने ते बरोबर आहे. रुग्णाच्या अहवालात मात्र हा फरक जिवाचा आहे. तिथे या साधनांवर विसंबू नका. आयपीएएच या जनुकाची पीसीआर, जैवरासायनिक चाचण्या आणि सेरोलॉजी (अँटिबॉडी वापरून गट ओळखणं) हाच मार्ग. आयपीएएच आतड्यात घुसणाऱ्या ई. कोलायमध्येही असतं, म्हणून नुसत्या त्याच्यावर शिगेला लिहू नका.

जीनोम मोजके आणि प्रश्न सोपा असेल, तर या दोन्ही मोठ्या साधनांची गरजही नसते. संबंधित टाइप स्ट्रेनचे दहा-बारा जीनोम उतरवून घ्या आणि लॅपटॉपवर फास्टएएनआय किंवा स्कॅनी हे एएनआय काढणारे प्रोग्राम चालवा. फास्टएएनआय जीनोमचे 3 हजार बेसचे तुकडे करून तुलना करतं. साम्य 80 टक्क्यांच्या बरंच खाली असेल, तर ओळच छापत नाही. रिकामी फाइल आली म्हणजे प्रोग्राम बिघडला असं नव्हे.

लेबल आणि कल्चर

या सगळ्याचा उपयोग औषधाच्या दुकानापर्यंत जातो. आपल्याकडे प्रोबायोटिकच्या पाकिटांवर लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनीस हे नाव अजूनही दिसतं. हा जिवाणू बीजाणू बनवतो, लॅक्टोबॅसिलस बनवत नाहीत. तो बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स आहे, आणि जीनोमवर आधारलेल्या फेररचनेत तो आधी वाइझमानिया आणि मग हेंड्रिक्सिया झाला. उत्पादकाकडून स्ट्रेनच्या जीनोमचा क्रमांक आणि टीवायजीएसचा निकाल मागण्यात काही चूक नाही. तो द्यायला एका दिवसाचंही काम नाही.

आणि खरोखरच नवी स्पीशीज सापडली असेल, तर नुसत्या सीक्वेन्सवर पारंपरिक नियमांखाली नाव मिळत नाही. टाइप स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा करावा लागतो. माणसाच्या विष्ठेतून वेगळी केलेली मेगास्फेरा इंडिका 2014 मध्ये पुण्याच्या संशोधकांनी याच वाटेने नावारूपाला आणली. एनसीसीएस या संस्थेतलं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र तिथेच पुण्यात आहे, आणि दुसरी प्रत परदेशी संग्रहाकडे जाते. म्हणून टीवायजीएसवर "संभाव्य नवी" दिसलं, त्याच दिवशी 20 टक्के ग्लिसरॉलमध्ये, आधीच ऑक्सिजन काढून घेतलेल्या माध्यमात, किमान दहा नळ्या उणे 80 ला ठेवा, आणि त्यातली एक आठवड्याने उघडून पुन्हा वाढते का, ते बघा. आतड्यातले काही जिवाणू गोठवताना हवेच्या दोन मिनिटांच्या संपर्काने मरतात, आणि कल्चर गेलं की जीनोमची फाइल कितीही सुंदर असली तरी जमा करायला काही उरत नाही.